दुव्यांचे पान

स्वतःचे संकेतस्थळ असलेल्या माणसाने त्यावर दुव्यांचे पान ठेवावे की ठेवू नये, हा काही जगण्यामरण्याचा प्रश्न नाही. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संकेतस्थळावर आपले लेख, कविता, फोटो असे काहीबाही असते आणि एका पानावर इतरांच्या स्थळांची यादी असते. यादीतल्या नावावर बोट ठेवले की वाचक आपल्या घरातून उठून त्याच्या घरी जातो. या यादीला बहुतेक जण लिंक्स म्हणतात, मराठीत दुवे म्हणतात. वीस वर्षांपूर्वी असे पान नसलेले खासगी स्थळ क्वचितच दिसे. आज असे पान असलेले स्थळ क्वचितच दिसते.

गेल्या वर्षी आमचे स्थळ नव्याने बांधायला काढले तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढे येऊन उभा राहिला. आम्ही तालुक्याच्या गावातले निवृत्त शाळामास्तर. २००४ साली आमच्या भाच्याने, तो कॉलेजात असताना, हे स्थळ बांधून दिले. त्याचे तीन भाग होते. एकात नियतकालिकांतून छापून आलेले आमचे लेख, दुसऱ्यात अम्मीने सांगितलेली जात्यावरची दखनी गाणी आणि तिसऱ्यात दुव्यांचे पान. भाचा आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. पहिल्या दोन भागांना त्याने हात लावला नाही. तिसऱ्यावर सरळ काट मारली.

"मामू, लिंकां का पेज आज कोन देखता? जो होना सो गूगल पे मिलता. अब तो सवाल पूछो, सीधा जवाबच मिलता."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या एकेचाळीस दुव्यांपैकी तेवीस मेलेले होते. बोट ठेवले की 'पान सापडत नाही' असा फलक येई. तरीही आम्ही त्याला थांब म्हणालो, आणि का थांब म्हणालो याचा विचार तेव्हापासून करतो आहोत.

आधी हे पान आले कुठून ते पाहू. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली पहिले संकेतस्थळ जगापुढे ठेवले. जगात आणखी कुठे कुठे अशी स्थळे सुरू झाली, त्यांची यादी ते स्वतः हाताने लिहीत. तिची १९९२ सालची एक प्रत अजून जपलेली आहे. म्हणजे दुव्यांचे पान जवळजवळ पहिल्या संकेतस्थळाइतकेच जुने आहे. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या स्थळांची यादी केली, तिचे पुढे याहू झाले. १९९८ साली हजारो स्वयंसेवकांनी मिळून चालवायची डीमॉझ ही यादी सुरू झाली. त्याच वर्षी त्याच स्टॅनफर्डमधून लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी गूगल उभे केले. त्यांची मुख्य कल्पना साधी होती. ज्या पानाकडे पुष्कळ लोक बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे, आणि बोट दाखवणारा स्वतः मान्यवर असेल तर त्याच्या बोटाला वजन जास्त.

भाचा म्हणतो गूगलमुळे दुव्यांच्या पानाची गरज उरली नाही. पण ते गूगल उभे राहिले ते माणसांनी हाताने दिलेल्या अशा असंख्य दुव्यांवरच. कुणीतरी वाचले, कुणाला आवडले, कुणी दुसऱ्याला सांगितले. यंत्राने फक्त मोजले.

पुढे व्हायचे ते झाले. दुव्याला वजन आहे म्हटल्यावर दुव्याचा बाजार भरला. तू माझा दे, मी तुझा देतो, अशी देवघेव सुरू झाली. दुवे विकत मिळू लागले. २००५ साली गूगलला अशी एक खूण काढावी लागली, की ती लावलेला दुवा मोजणीत धरू नये. मग हाताने केलेल्या याद्या एकेक करून मिटल्या. लाखो सामान्य माणसांची घरगुती स्थळे ज्यावर होती ते जिओसिटीज २००९ साली बंद झाले. याहूची मूळ यादी २०१४ साली संपली, डीमॉझ २०१७ साली. २०२४ च्या ऑगस्टपासून तर गूगलने भारतातही प्रश्नाचे तयार उत्तर सगळ्यांत वर द्यायला सुरुवात केली. उत्तर कुणाकुणाच्या लेखनावरून बेतले त्यांची नावे बाजूला असतात. पण ताट वाढून समोर आल्यावर स्वयंपाकघरात कोण डोकावतो?

हा झाला जगाचा हिशेब. आपला हिशेब थोडा वेगळा आहे.

२००४ साली इंटरनेटवर मराठी लिहिणे म्हणजे प्रत्येकाची चूल वेगळी. कुणी शुषा वापरे, कुणी शिवाजी, छापखान्यात श्रीलिपी. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या पोटात त्या जागी कुठले तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. शोधयंत्र अक्षराचा आकार पाहत नाही, पोटातले पाहते. त्यामुळे आपल्याला अस्खलित मराठी दिसणारे पान त्याच्या लेखी निव्वळ बडबड. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण तुमच्याआमच्या संगणकावर ती पोचायला पुढची दहा-पंधरा वर्षे लागली. तोवर मराठी स्थळ शोधून मिळत नसे, कुणी सांगितले तरच मिळे. आणि सांगण्याची जागा म्हणजे दुव्यांचे पान.

अम्मीच्या गाण्यांचे असेच झाले. ती गाणी शुषात टंकलेली होती, म्हणजे शोधयंत्राला आंधळी. २००९ साली विजापूरहून एका मुलीचे पत्र आले. दखनी बोलीवर कुणी हौसेने चालवलेल्या स्थळावरून, तिथल्या दुव्यावरून ती आमच्यापर्यंत आली होती. दळताना म्हणायचे एक गाणे तिची नानी म्हणत असे, पण नानीला शेवटचे कडवे आठवत नव्हते. ते आमच्याकडे होते. विजापूरकडे चक्कीनाम्यांची जुनी परंपरा आहे, आमच्या अम्मीचे माहेरही त्याच बाजूचे. ते कडवे कोणत्या वाटेने इकडे आले असेल ते कळायला मार्ग नाही. परत गेले ते मात्र दुव्याच्या वाटेने, एवढे आम्हाला ठाऊक आहे.

भाषेच्या अडचणीवर आपली आणखी एक अडचण आहे. ती या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. मराठी लेखकांची यादी करणारा आपल्याला विसरतो, कारण नाव मुसलमान. उर्दू लेखकांची यादी करणारा आपल्याला धरत नाही, कारण भाषा मराठी. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. त्याच वर्षी सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे "तुम्ही मराठी इतके चांगले कसे बोलता?" हा प्रश्न आम्हाला कौतुकाच्या सुरात विचारला जात राहिला.

सोलापूरच्या त्या संमेलनाला आम्ही तरुण शिक्षक म्हणून गेलो होतो. भाषणे ऐकली, ठराव ऐकले. घरी आणले ते मात्र पत्ते. एका दोनशेपानी वहीत तीन पाने भरून नावे आणि पत्ते होते. कुणी एस.टी.त कंडक्टर, कुणी यंत्रमागावर, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत. लिहिणारे आपण एकटेच नाही हे आम्हाला भाषणांपेक्षा त्या तीन पानांनी जास्त पटवले. पुढे त्या पत्त्यांवर अंतर्देशीय पत्रे जात राहिली. कुणाचा संग्रह निघाला की पाच प्रती मागवायच्या, चार वाटायच्या, एक ठेवायची. आमच्या स्थळावरचे दुव्यांचे पान म्हणजे त्या वहीचेच चौथे पान होते. ते फाडून टाकायला हात धजेना, याचे एक कारण हे.

दुसरे कारण अधिक जड आहे.

त्या एकेचाळीस दुव्यांत एक दुवा मराठवाड्यातल्या आमच्या एका मित्राचा होता. बँकेत कारकून, आणि कथा लिहायचा. अडत, उसनवारी, तलाकनंतर माहेरी आलेल्या बहिणी, भिंतीला भिंत लागून राहणारी आणि एकमेकांना ईद-दिवाळीला ताट पाठवणारी घरे, हे त्याचे विषय. पुस्तक निघाले नाही. प्रकाशकाकडे दोनदा बाड गेले आणि दोनदा परत आले. शेवटी त्याने चौदा कथा स्वतःच्या स्थळावर ठेवल्या. २०१६ साली तो गेला. स्थळाच्या नावाचे पैसे दरवर्षी भरावे लागतात हे घरच्यांना कुठून ठाऊक असणार? नाव सुटले.

असे सुटलेले नाव विकत घेणारे टपून बसलेले असतात. त्या नावाकडे येणारे जुने दुवे अजून जिवंत असतात, त्यावरून फुकटची गिऱ्हाइके येतात म्हणून. गेल्या वर्षी दुवे तपासताना आम्ही मित्राच्या नावावर बोट ठेवले आणि पडद्यावर पत्त्यांचा जुगार उघडला. ज्याने आयुष्यात कधी लॉटरीचे तिकीट काढले नाही त्याच्या नावाच्या पाटीखाली जुगाराचा अड्डा!

"काढून टाकू या," भाचा म्हणाला.

आम्ही म्हणालो, नाव राहू दे, आधी शोध घेऊ. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला इंटरनेट अर्काइव्ह नावाची संस्था आहे. ब्रूस्टर केल यांनी ती १९९६ साली सुरू केली. इंटरनेटवरच्या पानांच्या नकला वेळोवेळी उतरवून ठेवायच्या हे तिचे काम, आणि २००१ पासून त्या नकला कुणालाही पाहता येतात. पण त्या कोठारात शिरायची एक अट आहे. पानाचा जुना पत्ता हवा. कथेच्या शब्दांवरून किंवा लेखकाच्या नावावरून तिथे असे आडबाजूचे पान सापडणे कठीण. पत्ता असेल तर दार उघडते.

मित्राच्या स्थळाचा पूर्ण पत्ता, कथांच्या पानापर्यंतचा, अक्षर न् अक्षर, आम्हाला एकाच ठिकाणी मिळाला. आमच्याच दुव्यांच्या पानावर. त्याच्या पत्रांत तो नव्हता, त्याच्या घरच्यांकडे नव्हता. तो पत्ता टाकल्यावर चौदापैकी नऊ कथा सापडल्या. त्याही जुन्या फाँटात, म्हणजे पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणारे साधन भाच्याने मिळवले आणि रात्री दोनपर्यंत बसून एकेक कथा वाचण्याजोगी केली. जोडाक्षरे मोडली होती, ती हाताने सांधली. दुसऱ्या दिवशी त्या कथा मित्राच्या मुलीकडे गेल्या. दुव्यांच्या पानाबद्दल भाचा त्यानंतर काही बोलला नाही.

यावरून आमचे मत बनले ते असे. दुव्यांचे पान ठेवावे. जिवंत दुव्यांसाठी ठेवावे, त्याहून अधिक मेलेल्यांसाठी ठेवावे. मेलेला दुवा निरुपयोगी असतो असे आपण समजतो. वास्तविक तो एका बंद दाराची किल्ली असतो, आणि ती किल्ली कधीकधी एकाच माणसाकडे असते. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली सांगितले की २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. मोठमोठ्या संस्थांच्या पानांचीही यातून सुटका नाही, तर कारकुनाच्या कथांची काय कथा!

तरीही या पानाविरुद्ध जे बोलले जाते त्यात तथ्य आहे, आणि ते टाळून पुढे जाणे बरे नाही.

पहिली तक्रार मानपानाची. लग्नाच्या पत्रिकेत कुणाचे नाव वर, कुणाचे खाली, कुणाचे राहिलेच, यावरून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या अबोला चालतो. दुव्यांच्या यादीचेही तसेच होते. "आमचं नाव कसं काय दिसलं नाही मास्तर?" असे विचारणारे आम्हाला भेटले आहेत. त्यावर उपाय एकच. यादी ही आमंत्रणपत्रिका नव्हे हे आधीच सांगून टाकायचे. कुणाचा मान राखायला दुवा द्यायचा नाही आणि परतफेड म्हणून तर नाहीच.

दुसरी तक्रार जबाबदारीची, आणि ती आजच्या दिवसांत गंभीर आहे. आपण ज्याचा दुवा देतो त्याने उद्या काही भलतेच लिहिले तर? आमच्या यादीत हमीद दलवाईंच्या विचाराने चालणारे आहेत आणि दलवाईंवर कडाडून टीका करणारेही आहेत. एका नातेवाइकाने पहिल्यांचा दुवा काढायला सांगितला, बिरादरीत बोलणे होते म्हणून. दुसऱ्या एका स्नेह्याने दुसऱ्यांचा काढायला सांगितला, उद्या कुणी येऊन विचारले तर काय सांगाल म्हणून. दोघांच्या बोलण्यात काळजी होती, आणि ती काळजी उगाचची नव्हती हे आम्हाला कळत होते. पण अशा काळजीपोटी एकेक नाव गाळत गेलो तर शेवटी यादीत आपण एकटेच उरू. वहीतल्या त्या तीन पानांवरही सगळे एका मताचे नव्हते. संमेलनातून परतताना त्यातल्या दोघांनी आम्हाला मधे बसवून एस.टी.त सबंध वाटभर वाद घातला होता. म्हणून कुणाचा पत्ता आम्ही खोडला नाही.

इथे आपली भाषाच मदतीला येते. मराठीत साखळीतल्या एका कडीला दुवा म्हणतात. आणि घरात आपण दुवा म्हणतो तो वेगळा: वडीलधाऱ्यांनी दिलेला, गोरगरिबांचा घ्यावा असे सांगितलेला. शब्दकोशवाले म्हणतील, हे दोन वेगळे शब्द आहेत, एकाचे कूळ इथले आणि दुसऱ्याचे अरबी. असोत. दुवा देताना समोरचा आपल्या मताचा आहे की नाही हे कुणी विचारत नाही. त्याचे बरे व्हावे, त्याच्यापर्यंत कुणीतरी पोचावे, एवढेच मनात असते.

मग पान ठेवायचे ते कसे? आम्ही आता जे ठरवले आहे ते सांगतो. दुवे थोडे असावेत, वाचून झालेले असावेत. प्रत्येकापुढे हे का वाचावे याचे एक वाक्य आपल्या शब्दांत असावे, कारण नुसती नावांची यादी यंत्रही करते. दुवा कधी दिला आणि शेवटचा कधी तपासला त्या तारखा असाव्यात. वर्षातून दोनदा सगळ्यांवर बोट ठेवून पाहावे. मेलेला दुवा पुसू नये. त्यापुढे 'आता येथे नाही' असे लिहावे आणि जुना पत्ता अक्षरांत तसाच ठेवावा, फक्त त्यावर बोट ठेवून कुणी जुगाराच्या अड्ड्यात जाऊ नये एवढी तजवीज करावी. अर्काइव्हमध्ये नक्कल असेल तर तिकडे वाट करून द्यावी. आणि जी स्थळे सगळ्यांना ठाऊक आहेत त्यांना जागा अडवू देऊ नये.

या नियमाला आम्ही दोन अपवाद केले आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या स्थळावर शब्द घालून पाहता येते. त्यापुढे आम्ही लिहिले आहे: 'आपल्या घरातले कितीतरी शब्द इथे मराठी म्हणून नोंदलेले आहेत, ते अरबी-फारसीतून आले ही खूणही शेजारी आहे. भांडणापूर्वी पाहावे.' दुसरा अपवाद रेख्ताचा. २०१३ साली सुरू झालेल्या या स्थळावर उर्दू शायरी देवनागरीतही वाचता येते. त्यापुढचे वाक्य: 'जे घरात उर्दू बोलतात पण मराठी शाळेत शिकल्यामुळे जिची लिपी वाचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी.' बाकीची नावे लहान माणसांची आहेत. कोकणी मुसलमानांच्या बोलीतले शब्द गोळा करणारे एक मास्तर, विणकर वस्तीतल्या कविता लिहिणारी एक तरुणी, आजोबांच्या पोवाड्यांच्या वह्या एकेक पान करून चढवणारा एक वायरमन. यांना शोधयंत्र शोधत नाही, कारण त्यांच्याकडे बोट दाखवणारे फार थोडे आहेत. तयार उत्तर देणारे यंत्रही ज्यावर पुष्कळांनी लिहिले आहे त्यावरच चांगले बोलते. ज्याच्याबद्दल कुणी लिहिले नाही त्याच्याबद्दल ते काय सांगणार?

आपल्यातल्या अनेकांची आता स्वतःची स्थळे आहेत. ज्यांची नाहीत त्यांच्याकडे पत्त्यांची वही असेल, मोबाइलमध्ये नंबर असतील. प्रत्येकाने पाच नावे लिहून काढावीत, प्रत्येकापुढे एक वाक्य लिहावे, आणि दुसऱ्याच्या नजरेला पडेल अशा जागी ठेवावे. त्या पाचांत एक तरी नाव असे असावे, जे आपण लिहिले नाही तर दुसरे कुणी लिहिणार नाही.